बांध सरळ, पाणी वाकडं

आजचा भाग नुसता ऐकायचा नाही, ऐकताना एक काम करायचंय. फोन हातात आहेच. ब्राउझरमध्ये महाभूलेख उघडा. जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि गट नंबर टाका. विनासहीचा सातबारा बघायला पैसे लागत नाहीत. गट नंबर माहीत नसेल तर घरी फोन करून विचारा. फक्त आधी खुलासा करा की एक पॉडकास्ट ऐकतोय म्हणून हवाय. नाहीतर मुलगा अचानक गट नंबर विचारतोय म्हटल्यावर बाबांचा बीपी वाढायचा. शहरात वाढलेल्यांनी मामाच्या गावचा बघितला तरी चालेल.

सापडला? नावं, खातं, बोजा हे सगळं राहू द्या, ते सगळेच बघतात. क्षेत्राचा रकाना बघा. लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली एक शब्द आहे: पोटखराब. त्याचे दोन वर्ग आहेत, अ आणि ब. बहुतेकांच्या सातबाऱ्यावर तिथे काहीतरी किरकोळ आकडा असतो, चार आर, सात आर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, ढोबळमानाने एक गुंठा.

वर्ग अ म्हणजे मोजणीच्या वेळी शेतीला नालायक ठरलेली जागा. खडक, मुरूम, शेतातलं घर, खळं वगैरे. वर्ग ब ची गोष्ट वेगळी. ती जागा सार्वजनिक कामासाठी राखलेली असते. रस्ता, मान्य पायवाट, स्मशान. आणि त्यातच आपल्या आजच्या विषयाची जागा: असं तळं किंवा असा ओढा, ज्याचं पाणी जमीनमालकाशिवाय इतर लोकही सिंचनाला, प्यायला किंवा घरच्या वापराला घेतात. म्हणजे कित्येक शेतांतून जाणारा ओढा कागदावर कुठे आहे? सातबाऱ्याच्या एका बारीक रकान्यात, दोन-चार आर बनून बसलाय.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पर्यावरण म्हटलं की आपल्याला झाडं आठवतात, प्लास्टिक आठवतं. मोजणी म्हटलं की भाऊबंदकी आठवते. हे दोन विषय एकाच वाक्यात येत नाहीत. पण पाणी कुठे थांबणार, कुणाच्या शेतात मुरणार, कुणाच्या घरात घुसणार, हे जमीन कशी मोजली आणि नकाशावर काय काढलं, यावर बऱ्यापैकी ठरतं.

जमीन मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, असं समजून चला. म्हणजे यंत्रं बरीच आहेत, पण प्रश्न दोनच. पहिला: ही जमीन कुणाची, आणि किती? दुसरा: ही जमीन कुठे उंच, कुठे सखल? पहिल्याचं उत्तर हद्द देते. दुसऱ्याचं उत्तर पातळी देते. महाराष्ट्रात पहिला प्रश्न जवळपास दोनशे वर्षं आपण सतत विचारतोय. दुसरा दुष्काळ पडला की विचारतो, पाऊस आला की विसरतो.

थोडा इतिहास. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दख्खनमध्ये शेतसाऱ्यासाठी जमीन मोजायला घेतली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याचा पहिला प्रयत्न फसला, सारा इतका जड झाला की लोकांना झेपेना. मग १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी बसवली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवून टाकला. आपले सर्व्हे नंबर, टिपणं, हद्दीचे दगड, सगळं त्या घराण्यातलं. साधन काय, तर शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. आज फ्लॅटवाले एजंट गुंठ्याचा भाव सांगतात ना, तो आकडा त्या साखळीच्या लांबीतून आलाय.

आता एक गंमत सांगतो. त्या काळच्या प्रतबंदीत, म्हणजे जमिनीचा दर्जा ठरवताना, मातीची खोली बघत आणि मातीचे दोषही टिपत. दोष कोणते? चुनखड, वाळू मिसळलेली, चिकटपणा नसलेली. आणि पुढे: उताराची जमीन. पाणी आत न घेणारी. वाहत्या पाण्याखाली जाणारी. झऱ्यांमुळे जास्त ओल धरणारी. म्हणजे प्रत्येक शेतात पाणी कसं वागतं, याची नोंद त्या माणसांनी शेतात उभं राहून केली होती. उद्देश काय होता, तर सारा किती कमी करायचा. पाणी धरायचा विचार त्यात नव्हता. माहिती होती, पण ती कामाला लागली ती फक्त वसुलीसाठी.

आता हद्द आणि पाणी यांचं भांडण कुठे होतं ते बघू.

हद्द सरळ असते. साखळी ताणली की सरळच रेघ येणार. पुढे १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आलं, गट पडले. त्यात आपल्याकडे वाटण्या कशा होतात? शेत उतारावर असेल तर वरच्या अंगाला मुरूम आणि खालच्या अंगाला काळी माती असते. मग दोन भावांत वाटणी करताना एकाला वरचा आणि एकाला खालचा तुकडा दिला तर वरचा भाऊ जन्मभर बोलत नाही. म्हणून शेत उभं कापतात. प्रत्येकाला थोडा मुरूम, थोडी काळी. वाटणी एकदम न्याय्य. पण आता प्रत्येकाची पट्टी उताराच्या दिशेने लांब आणि रुंदीला चिंचोळी झाली. बैल असोत की ट्रॅक्टर, लांबीच्या बाजूने चालवणं सोपं, सारखं वळावं लागत नाही. म्हणजे नांगराची तासं उताराला उभी पडली. पहिला वळवाचा पाऊस आला की प्रत्येक तास ही एक छोटी नाली होते आणि माती खाली घेऊन जाते. भावाभावांतला न्याय झाला, माती गेली.

आणि बांध? बांध हद्दीवर असतो. हद्द उताराला तिरकी असेल तर बांधाला अडलेलं पाणी बांधाच्या कडेने सरकत सरकत खालच्या कोपऱ्यात जमा होतं. तिथे जोर वाढतो आणि बांध फुटतो. प्रत्येक गावात अशी एक फुटकी जागा असते, दरवर्षी त्याच ठिकाणी फुटणारी. त्यात लोक बांध कोरतात, दरवर्षी एक एक तास आत घेतात. बांध बारीक होतो, भांडण जाड होतं. बांध कोरणाऱ्याला वाटतं आपण शेजाऱ्याची वीतभर जमीन खाल्ली. खरं तर त्याने स्वतःचीही माती अडवणारी भिंत कोरलेली असते.

पाणी मात्र समपातळी रेषा मानतं. समपातळी म्हणजे डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवरचे बिंदू जोडत गेलं की जी रेघ तयार होते ती. ती कधीच सरळ नसते. डोंगर आत वळला की आत वळते, बाहेर आला की बाहेर येते. तुम्ही ताटाच्या कडेला आमटीचा ओघळ वाळलेला बघितलाय? जिथपर्यंत आमटी होती तिथे एक रेघ राहते. ती समपातळी.

या रेघेवर चर खणला तर पाणी चरात सगळीकडे सारखं उभं राहतं आणि मुरतं. याला सलग समतल चर म्हणतात. मापं जागेनुसार बदलतात, पण हिशोबासाठी दोन फूट रुंद आणि एक फूट खोल धरू. मीटरमध्ये ०.६ बाय ०.३. शंभर मीटर चरात किती पाणी मावेल? ०.६ गुणिले ०.३ गुणिले १००, म्हणजे १८ घनमीटर. १८ हजार लिटर, एका भरण्यात. पावसाळ्यात तो जितक्या वेळा भरेल आणि मुरेल तितक्या वेळा हा आकडा मोजा.

आता समजा चर आखताना चूक झाली. शंभर मीटरच्या एका टोकाला जमीन फक्त एक फूट खाली आहे. काय होईल? पाणी खालच्या टोकाला गोळा होईल आणि तिथून सांडायला लागेल. त्या क्षणी चरात पाणी किती असेल? खालच्या टोकाला एक फूट, वरच्या टोकाला शून्य. म्हणजे निम्मं, ९ हजार लिटर. टोक दोन फूट खाली असेल तर पाव, साडेचार हजार. आणि बाकीचं पाणी एकाच ठिकाणाहून उडी मारणार, तिथे घळ पडणार. आधी ते पाणी डोंगरभर पसरून उतरत होतं, आता तुम्ही त्याला एका तोटीत गोळा करून सोडलंत. चुकीच्या पातळीवरचा चर नसलेल्या चरापेक्षा वाईट.

शंभर मीटरमध्ये एक फूट उतार डोळ्याला दिसत नाही. कुणालाच नाही. जुन्या जाणत्या माणसाला पाणी कुठून वाहतं ते माहीत असतं, ते त्याने पावसात बघितलेलं असतं. पण कोरड्या माळावर उभं राहून एवढा फरक तोही सांगू शकत नाही. म्हणून मोजावं लागतं.

मोजायचं कशाने? लाखो रुपयांची यंत्रं आहेत, ती राहू द्या. तीन काठ्या, एक दोरी आणि एक दगड. ए फ्रेम. दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, खाली पाय फाकवायचे, मधे आडवी काठी. इंग्रजी ए अक्षरासारखा आकार होतो. वरच्या गाठीतून दोरी सोडायची, टोकाला दगड. दोरी आडव्या काठीसमोर लोंबते.

आता यातली खरी हुशारी ऐका. काठ्या वाकड्यातिकड्या आहेत, पाय कमीजास्त लांबीचे आहेत, तर हे बरोबर कसं दाखवेल? पाय जिथे टेकले त्या दोन जागांवर खुणा करा. दोरी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे पेन्सिलने रेघ मारा. मग फ्रेम उलटी फिरवा, डावा पाय उजव्या खुणेवर आणि उजवा डाव्या. परत रेघ मारा. या दोन रेघांच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे तुमची शून्य पातळी. दोरी त्या मधल्या बिंदूवर आली की दोन्ही पाय एकाच उंचीवर आहेत. साधनातली चूक साधनानेच काढून टाकली! सर्व्हेइंगच्या कॉलेजात लेव्हल यंत्र तपासताना हाच विचार शिकवतात, फक्त तिथे भिंग असतं आणि फी असते.

मग एक पाय जागेवर ठेवायचा, दुसरा वरखाली सरकवत दोरी मधल्या बिंदूवर आणायची. तिथे फक्की टाकायची. मग पुढचं पाऊल. असं चालत गेलं की पांढऱ्या ठिपक्यांची रेघ डोंगराला वळसा घालत जाते. वारा असेल तर दोरी हलते, तेव्हा घाई करायची नाही.

दुसरं साधन हायड्रोमार्कर. दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी, नळीत पाणी. दोन्ही बाजूंचं पाणी सारख्या आकड्यावर आलं की पातळी सारखी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटं बोलतो, एवढंच सांभाळायचं.

पाणी फाउंडेशनचा वॉटर कप तुम्हाला आठवत असेल. २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई अशा तीन तालुक्यांतल्या ११६ गावांपासून सुरुवात झाली. टीव्हीवर आपण बघितलं ते श्रमदान, हजारो लोक कुदळ-फावडं घेऊन. पण श्रमदानाआधी गावातली पोरं-पोरी प्रशिक्षणाला जाऊन ए फ्रेम आणि हायड्रोमार्कर शिकून आल्या होत्या. मला त्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. शेतात उभं राहून पातळी काढणं हे सरकारी माणसाचं काम, ही समजूत मोडली. दहावी झालेली मुलगी फक्कीची रेघ मारत पुढे आणि गाव कुदळी घेऊन मागे.

आता उलट बाजू. राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान. डिसेंबर २०१४ मध्ये आलं. त्यावर साडेनऊ हजार कोटी रुपयांहून जास्त खर्च झाला. २०२० मध्ये कॅगचा अहवाल आला आणि त्यात भूजल पातळी वाढण्यावर या अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असं म्हटलं. यावर बरंच राजकारण झालं, त्यात मला जायचं नाही. काही गावांत चांगली कामं झाली, हेही खरं. पण तज्ज्ञांचा एक जुना आक्षेप ऐकण्यासारखा आहे: पाणलोटाचं काम माथ्यापासून सुरू होऊन पायथ्याला यायला हवं, आणि इथे बऱ्याच ठिकाणी पायथ्याचा नाला खोल आणि रुंद करण्यावर भर राहिला. माझं मत विचाराल तर कारण साधं आहे. नाल्यात पोकलेन उतरवायला पातळी काढावी लागत नाही. माथ्यावर रेघ काढत फिरावं लागतं, ते काम हळू होतं, फोटोत दिसत नाही, आणि पहिल्या पावसात भरलेला खोल नाला स्टेटसला छान दिसतो.

बरं, समजा गावाने पातळी नीट काढली. आता ती वाकडी रेघ सरळ हद्दींमधून जाणार. तिथे काय?

हा प्रश्न नवीन नाही. १९४२ साली तेव्हाच्या मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि दुष्काळी भागात समपातळीवर बांध घालायचं काम सरकारने हातात घेतलं. शास्त्र बरोबर होतं. पण बांध शेताच्या मधूनच तिरका जायचा. एका शेतकऱ्याचे दोन तुकडे, दुसऱ्याचा एक कोपराच कापलेला. आधीच दोन एकर, त्यात मधे बांध, औत वळवायला जागा नाही. बऱ्याच शेतकऱ्यांनी काही वर्षांत ते बांध नांगरून टाकले. यात अडाणीपणा काही नव्हता, पातळी काढणाऱ्याने हद्द विचारलीच नव्हती.

मग नंतरच्या लोकांनी तोडगा काढला, आणि तो मला फार आवडतो. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून आलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात, अहमदनगर म्हणजे आत्ताच्या अहिल्यानगर भागात, नेट प्लॅनिंग नावाची पद्धत रुळली. गावाचा एकच मोठा आराखडा वरून करायचा नाही. गट नंबरनुसार प्रत्येक शेतात जायचं. शेतकरी नवरा-बायको दोघांनी सोबत यायचं. बायको का? कारण रोज त्या शेतात वाकणारी तीच असते. पाणी कुठे साचतं, कुठून माती जाते हे तिला पाठ असतं. शेतात उभं राहून माती बघायची, उतार मोजायचा, आणि तिथेच ठरवायचं: इथे बांध, इथे नको, इथे झाडं, इथे सांडवा. शास्त्रीय रेघ थोडी हलवून हद्दीला टेकवायची आणि कोपऱ्यात दगडी सांडवा द्यायचा म्हणजे बांध फुटणार नाही. मग सगळे गट जोडले की गावाचा आराखडा तयार. सातबारा आणि समपातळी एका कागदावर आले.

यात तंत्रज्ञान फारसं नाही, वेळ खूप लागतो. एका गावात शेकडो गट असतात. पण त्या बांधावर मालकाची सही असते, म्हणून तो टिकतो.

मोजणी एवढ्यावर संपत नाही. पाणी अडलं, मुरलं, विहिरीत आलं. आता ते कुणाचं?

आपल्याकडे विहीर ज्याच्या गटात, पाणी त्याचं. म्हणजे माथ्यावर सगळ्या गावाने घाम गाळला आणि पायथ्याला ज्याची विहीर, त्याचा ऊस. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. देवस्थानची सुमारे १६ हेक्टर माळरान जमीन भाड्याने घेऊन आधी तिथे पाणी अडवून दाखवलं. पुढे नियम केले: पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं द्यायचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. पन्नास वर्षांपूर्वी! गुंठ्याने मोजणाऱ्या समाजात हा माणूस पाणी डोक्यामागे मोजत होता. आजही हे वाचून मी थोडा थांबतो, कारण माझ्या ओळखीतल्या एकाही गावात हा नियम आज मतदानाला टाकला तर पास होणार नाही.

हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, पोपटराव पवारांचं गाव. पाऊस साधारण ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही नेमाने येत नाही. तिथे डोंगरावर समतल चर झाले, चराईबंदी झाली. पण पुढची गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळ्यानंतर गाव बसतं, यंदा किती पाऊस झाला, किती पाणी आहे, माणसांना किती, जनावरांना किती, आणि उरलेल्यात कोणतं पीक. हिशोब आपणही करू शकतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. ४०० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी ४० लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं, पण बाष्पीभवन, वाहून जाणं हे सगळं वजा केलं की हातात राहतं ते फार थोडं. आता हा हिशोब करायला गावाचं क्षेत्र अचूक माहीत पाहिजे. ते कुठून येणार? मोजणीतूनच.

आता तुमच्या मनातला प्रश्न: एवढं सगळं काठीने कशाला, फोनमध्ये जीपीएस आहे की! तर मंडळी, फोनच्या जीपीएसवर चर आखू नका. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन आडव्या दिशेत काही मीटरपर्यंत अचूक असतो, आणि उंचीत त्याहून वाईट. आपल्याला इंचांचा हिशोब हवाय. हद्दीसाठीही तेच. शेजाऱ्याला फोन दाखवून तुझा बांध माझ्यात आलाय म्हणू नका, विनाकारण डोकी फुटतील.

भूमी अभिलेखवाल्यांकडे आता रोव्हर आहेत. कायमस्वरूपी बसवलेल्या संदर्भ केंद्रांवरून दुरुस्ती घेऊन ते सेंटीमीटरपर्यंत जातात. ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली. पुरंदरमधल्याच सोनोरी गावात सुरुवातीचा प्रयोग झाला आणि पुढे २०२० मध्ये देशभरासाठी स्वामित्व योजना आली. उद्देश घरांना मालमत्ता पत्रक देण्याचा, म्हणजे परत पहिलाच प्रश्न, कुणाचं आणि किती. पण एकमेकांवर चढणाऱ्या ड्रोन फोटोंमधून उंचीचा नमुनाही बनवता येतो. तोच डेटा ग्रामपंचायतीला पाणलोट आखायला मिळाला तर? एकदा उडालेल्या ड्रोनमधून दोन्ही उत्तरं. ही मागणी ग्रामसभेत करायला काय हरकत आहे.

शहरवाल्यांसाठी दोन मिनिटं, कारण ओढा शहरातही आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा घरांत घुसला. त्या पावसात पुणे आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. कित्येकांना आपल्या सोसायटीच्या मागे जो नाला आहे तो ओढा आहे, हे त्या रात्री कळलं. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे कुणाच्या मालकीचे नसलेले नद्या-नाले, ओढे, तळी सरकारच्या मालकीचे असतात. पण जागेवर ओढ्याची रुंदी किती होती, हे सांगायला नकाशाच लागतो.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा निळी रेषा आणि लाल रेषा विचारा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शंभर वर्षांतून एकदा ऐकून एजंट हसेल. गणित करा. दर वर्षी शक्यता एक टक्का. तीस वर्षांचं गृहकर्ज फेडेपर्यंत एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता साधारण २६ टक्के. निळ्या रेषेसाठी ७० टक्के. ईएमआय संपायच्या आत.

बरं, परत गावाकडे, आणि परत फोनवर. महाभूनकाशा उघडा, आपल्या गटाचा नकाशा बघा. दुसऱ्या टॅबमध्ये उपग्रहाचं चित्र. नकाशात ओढा कुठून जातो, चित्रात कुठून जातो? थोडा फरक असणारच, जुने नकाशे हाताने काढलेत, आणि ओढा स्वतःही जागा बदलतो. पण नकाशात ओढा आहे आणि चित्रात सपाट शेत आहे, असं दिसलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तिथे पूर्वी काय होतं. ते सांगतील तेवढं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

आणि घरच्या जमिनीची मोजणी लागली, म्हणजे भूकरमापक येणार अशी नोटीस आली, तर सुट्टी काढून जा. आपण सगळे त्या दिवशी फक्त हद्दीकडे बघतो, शेजारी किती आत आलाय. त्या माणसाला एवढंच विचारा की साहेब, रेकॉर्डला ओढा आहे का, किती रुंद आहे, आणि जागेवर किती राहिलाय. मोजणीची क प्रत हातात आल्यावर त्यात तो दिसतोय का ते बघा. नसेल तर तिथेच लेखी अर्ज द्या. शेजाऱ्याने आपल्यात केलेलं अतिक्रमण आपण बरोबर ओळखतो. ओढ्यात आपणच सरकलोय का, हेही त्याच दिवशी कळतं, आणि तेव्हा घरात बोलणं जरा अवघड जातं. आधी आजीशी बोला, असा माझा सल्ला.

कमेंटमध्ये सांगा, तुमच्या सातबाऱ्यावर पोटखराब ब आहे की नाही. फक्त आहे किंवा नाही एवढंच लिहा, गट नंबर आणि नावं टाकू नका. ए फ्रेम बनवलीत तर फोटो नक्की टाका. पुढच्या भागात विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी कशी नोंदवायची ते बघू. त्यासाठी एक मोजपट्टी आणि एक वही आणून ठेवा. भेटूया.